युरियाची गोणी

पाऊस पडला की पेडगावाचं नाव पेपरात येतं. परभणी तालुक्यातल्या महसूल मंडळांपैकी ते एक, त्यामुळं झरी, जांब, पिंगळीच्या ओळीत पेडगावाचेही मिलिमीटर छापून येतात. त्याच सकाळी कृषी सेवा केंद्रापुढं मोटारसायकली लागतात. कपाशीला डोस द्यायचा असतो, वाफसा आहे तोवर तो गेला पाहिजे, आणि युरिया आज आहे म्हणून उद्या असेलच असं नाही. आधार कार्ड, मशीनवर अंगठा, पावती, आणि मागं कॅरिअरवर आडवी टाकलेली गोणी. माणूस युरिया घेऊन निघालेला असतो. गोणी नुसती सोबत येते. तिच्याकडं कोणी धड बघतही नाही.

युरिया काही दिवसांत मातीत विरघळून जातो. गोणी मात्र राहायला आलेली असते.

रिकामी असताना तिचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा जिवावर ती ४५ किलो उचलते. मार्च २०१८ च्या आधी ५० किलो उचलायची. मग सरकारनं तिच्या पोटातले पाच किलो कमी केले. हिशेब असा की शेतकरी युरिया किलोत मोजत नाही, गोणीत मोजतो. एकरी एक गोणी टाकणारा ४५ किलोंचीही एकच टाकेल आणि देशाचा युरिया वाचेल. म्हणजे शेतातलं खरं माप ही आहे, हे दिल्लीलाही ठाऊक होतं. २०२२ पासून तिच्या अंगावर कंपनीचं नाव आक्रसलं आणि ‘भारत’ हे नाव मोठं झालं. किंमत २६६ रुपये ५० पैसे. त्यात युरियाचे किती आणि गोणीचे किती, असं दुकानात कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

हिच्या आधी हे काम तागाच्या पोत्याकडं होतं. पण ताग ओल धरतो आणि ओल लागली की युरियाची पोत्यातच ढेकळं होतात. धान्य आणि साखरेसाठी १९८७ च्या कायद्यानं तागाला संरक्षण मिळालं. खताची नोकरी मात्र हिनं पटकावली आणि पुन्हा सोडली नाही.

तिचं तोंड शिवलेलं असतं आणि तिचा स्वभाव तिथंच कळतो. ज्याला टोक माहीत आहे तो गाठीशेजारचा एकच दोरा कापतो, दोन बोटांत धरून ओढतो, आणि सगळी शिवण सर्रकन एका दमात सुटते. दोरा हातात, तोंड उघडं, गोणीला ओरखडा नाही. ज्याला टोक माहीत नाही तो दुसऱ्या बाजूनं ओढतो. टाके आवळतात, माणूस चिडतो, विळा घालतो आणि तोंड फाडून ठेवतो. टोक उजवं की डावं हे गोणीचं कोणतं अंग आपल्याकडं धरलंय त्यावर ठरतं. एका अंगाला साधा सरळ टाका दिसतो, दुसऱ्या अंगाला साखळी. घरात हे ज्ञान बहुधा आजीकडं असतं. “सर तिकडं, फाडशील तू ती,” म्हणत ती नातवाच्या हातातून गोणी ओढून घेते. फाटक्या तोंडाची गोणी पुढं निम्म्या कामाची, हे तिला पक्कं ठाऊक.

या शिवणीची गंमत बघा. लॉरीतून फेकली, रेल्वेच्या मालधक्क्यावर आपटली, तिच्यावर दहा गोण्यांची थप्पी लावली, तरी टाका हलत नाही. पण योग्य टोकाला, योग्य दिशेनं जरा ओढ दिली की सगळं मोकळं. एवढी अक्कल गोणीच्या तोंडाला आहे. तिच्या अंगाला नाही, आणि सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

पण आधी तिचे कष्ट सांगितले पाहिजेत. रिकामी झाली की तिला बांधावर झटकायचं आणि लांब नेऊन धुवायचं. बैलांच्या हौदात नाही, हे घरातल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही; युरियाचं पाणी प्यालेलं जनावर बघता बघता आडवं होतं. धुऊन वाळली की तिचा दुसरा जन्म सुरू. एक कोपरा आतून दुसऱ्या कोपऱ्यात खोचला की खोळ झाली. भर पावसात खुरपायला वाकलेल्या बायांच्या डोक्यावर ओळीनं ‘भारत’ दिसतो. चार-सहा गोण्या उसवून दाभणानं एकीला एक जोडल्या की सोयाबीन वाळवायला तळवट तयार. न्हाणीला आडोसा हीच, कडब्याच्या गंजीवर हीच, कोंबड्यांच्या खुराड्याला दार हीच, बोअरच्या स्टार्टरवर पावसाळी टोपी हीच. दोन बंद लावले की बाजाराची पिशवी. वाळू-माती भरून ओढ्यात रचली की वनराई बंधारा. कृषी खात्याच्या श्रमदानाच्या फोटोंत अधिकारी पुढं असतात आणि पाणी अडवून उभी राहिलेली ही मागं.

एक खोड मात्र वाईट. वेचलेला कापूस तिच्यात दाबून भरायचा नसतो, तरी भरतात. तिच्या कडेच्या पट्ट्या उसवतात, त्यांचे धागे कापसात मिसळतात, जिनिंगमधून गाठीत आणि गाठीतून सुतात जातात. कापसाला रंग चढतो, हिच्या धाग्याला चढत नाही. कुठल्या तरी दूरच्या शहरात निळ्या शर्टावर पांढरा ठिपका उमटतो आणि भाव आपल्या कापसाचा पडतो. पेडगावाच्या शेजारी मानवतसारखी कापसाची बाजारपेठ आहे, तिथल्या कोणत्याही जिनिंगवाल्याला विचारा, तो हिच्याबद्दल चांगलं बोलणार नाही. कापसाला सुती कापडाचंच गाठोडं हवं.

आता तिच्या कडेची एक पट्टी उसवून हातात घ्या. दोन-तीन मिलिमीटर रुंद, कागदापेक्षा पातळ. दोन्ही हातांनी लांबीत ओढा. बोटाला वळ पडेल, कदाचित बोट कापेल, पट्टी तुटणार नाही. मग तिच्या टोकाला नख लावून उभी चिरा. काही जोर न लावता बारीक धागे सुटत जातील. एका दिशेनं वाघीण, दुसऱ्या दिशेनं काहीच नाही.

हे तिच्या जन्मातच ठरलंय. पॉलिप्रॉपिलिनचा दाणा वितळवून त्याचा पातळ पडदा काढतात, पडद्याच्या पट्ट्या कापतात आणि त्या गरम असताना मूळ लांबीच्या कित्येक पट ताणतात. ताणताना आतल्या लांबच लांब रेणूंच्या साखळ्या एका दिशेला लागतात. मग गोल मागावर पट्ट्या विणल्या जातात. लांबीत ओढलं तर कार्बन-कार्बनचे बंध तोडावे लागतात, ते सहजासहजी तुटत नाहीत. उभं चिरलं तर शेजारी शेजारी पडलेल्या साखळ्या नुसत्या वेगळ्या करायच्या असतात. ही शिस्तीची साखळी १९५४ च्या मार्चमध्ये इटलीत, मिलानला, जुलिओ नाट्टा यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. तेलशुद्धीकरणातून निघणाऱ्या प्रॉपिलीन वायूपासून इतकं टणक काही निघेल असं त्याआधी फारसं कोणाला वाटलं नव्हतं. १९६३ मध्ये नाट्टा आणि कार्ल झीगलर यांना मिळून नोबेल मिळालं. या सगळ्यांनी एकच ध्यास घेतला होता: साखळी लांब हवी, सरळ हवी, तुटता कामा नये. तिला तोडायची कशी, हा प्रश्न त्यांच्यापुढं नव्हताच.

तो प्रश्न परभणीच्या उन्हापुढं येतो. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात, आणि गोणी न्हाणीच्या आडोशाला तापत उभी. तिच्या साखळीतल्या दर दुसऱ्या कार्बनाला बाजूला एक फांदी आहे, आणि त्या जागेवरचा हायड्रोजन पटकन निसटतो. उन्हातले अतिनील किरण ते काम करतात, हवेतला ऑक्सिजन त्या रिकाम्या जागी बसतो आणि साखळी तिथं मोडते. कारखान्यात तिच्यात उन्हाला अडवणारं रसायन घातलेलं असतं, पण ते पुरतं संपलं की मग थांबवणारं कोणी नाही. आधी छपाई उडते. मग अंग खरखरीत होतं. मग एके दिवशी आडोसा सारायला हात लावावा तर ती हातातच राहते: पांढरा चुरा, तुकडे, भुसा. अंगणात झाडू मारला की तो मातीत जातो आणि मातीतच राहतो. हा चुरा म्हणजे गोणी संपली असं नाही. तो अजूनही पॉलिप्रॉपिलिनच आहे, फक्त आखूड साखळ्यांचा आणि कोणाच्याच उपयोगाचा नसलेला.

भंगारवाल्याला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तो गोणी हातात घेतो, दोन्ही हातांत धरून एक झटका देतो आणि कानानं ऐकतो. कडक आवाज आला तर तराजूत. “हे न्हाई चालायचं मावशी, उन्हानं मेलंय,” म्हणत चुरा होऊ घातलेलं बाजूला. चालेल तो माल पुढं जातो. फाडला जातो, धुतला जातो, वितळतो, पुन्हा दाणा होतो. त्याची सुतळी होते, बादली होते, बांधकामावरचं काळं घमेलं होतं. पण दर फेरीत उष्णता आणि घुसळण साखळ्या थोड्या थोड्या मोडत जाते. गोणीची पुन्हा तशीच गोणी होत नाही. एक एक पायरी उतरतच जाते. चुरा तर पहिल्या पायरीवरच वगळला जातो.

साखळी जोरानं मोडण्याचं ज्ञान तसं जुनं आहे. १८२० च्या सुमारास लंडनमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी रबराच्या कातरणांचे बारीक तुकडे करायला काट्यांचा दंडगोल असलेलं यंत्र केलं. तुकडे व्हायच्या ऐवजी रबर चावलं जाऊन मऊ, एकसंध गोळा झाला आणि त्याला हवा तसा आकार देता येऊ लागला. ही युक्ती कोणाला कळू नये म्हणून हॅनकॉक त्या यंत्राला लोणचं म्हणायचे. आत साखळ्या मोडत होत्या, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं. अशा साखळ्या असतात हे १९२० मध्ये हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडलं तेव्हा मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना १९५३ मध्ये नोबेल मिळेपर्यंत निम्मं जग प्लास्टिकवर आलेलं होतं. १९३० च्या दशकात त्यांनीच गोळ्यांच्या चक्कीत पॉलिस्टायरीन दळून दाखवलं की दळल्यानं साखळी आखूड होते.

ती चक्की आज पॉलिमरच्या प्रयोगशाळांत पीएचडीच्या पोरांच्या हाताखाली आहे. हातात मावेल एवढा पोलादी डबा, आत एक-दोन पोलादी गोळ्या आणि चिमूटभर पॉलिमर. यंत्र तो डबा सेकंदाला वीस-तीस वेळा हलवतं. आधी पॉलिमर बनवायचा, साखळीची लांबी मोजायची, दळायचा, पुन्हा मोजायची. पण नुसतं दळून एक हद्द येते. ओढ लांब साखळीलाच बसते. ती आखूड होत गेली की गोळीच्या धडक्यात निसटून जाते, ताणली जात नाही. म्हणजे पॉलिप्रॉपिलिन कितीही दळा, भुगा मिळेल; मूळचा प्रॉपिलीन आपोआप परत हातात पडणार नाही. गोणी अंगणात उन्हानं भुगा होते आणि चक्कीत दणक्यानं, एवढाच फरक.

म्हणून हल्लीचे लोक उलटीकडून निघालेत. आधी तुटण्याची जागा ठरवायची, मग पॉलिमर बनवायचा. गोणीच्या तोंडाची शिवण अंगात आणायची म्हणा ना: एरवी हलायची नाही, टोकाला ओढ दिली की सगळी सुटायची. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात जेफ्री मूर यांच्या गटानं २०१४ मध्ये हे दाखवलं. त्यांनी असा पॉलिमर घेतला की ज्याला साध्या तापमानाला साखळीत राहायचंच नसतं. अल्ट्रासाउंडच्या लहरींनी ओढून त्यातला एक बंध मोडला की उरलेली साखळी एकेक कडी सोडत मूळ रेणूपर्यंत उसवत जाते. अडचण उघड आहे. जो एका ओढीनं उसवतो, त्याच्या गोणीत ४५ किलो भरून परभणीच्या उन्हातून आणायचे तर ती वाटेतच उघडेल.

मधला मार्ग अॅक्रन विद्यापीठात जुनपेंग वांग यांच्या गटानं शोधला. अॅक्रन हे जुनं टायरांचं शहर, रबर तिथल्या हवेतच. २०२१ मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’त आलेल्या त्यांच्या लेखावर पहिलं नाव देवव्रत साठे यांचं आहे, आडनाव वाचून मराठी वाचक क्षणभर थांबणारच. तेव्हा ते तिथं पीएचडी करत होते. त्यांनी आठ कार्बनांच्या वलयाला एक लहान चौकोनी वलय जोडलं. त्यामुळं वलय उघडून साखळी करणं आणि साखळी मिटवून पुन्हा वलय करणं, या दोन्हींतला तोल असा सांभाळला गेला की दोन्ही गोष्टी जमतात. एरवी हा पॉलिमर ३७० अंशांपर्यंत टिकून राहतो. द्रावणात थोडा उत्प्रेरक मिळाला की साधारण पन्नास अंशांवर बहुतेक सगळा मूळ रेणूंत परत येतो. त्याच गटानं त्याआधी, २०२० मध्ये, कुलूप लावलेला पॉलिमरही केला होता: साखळीतले दुबळे सांधे लहान वलयांनी बंद केलेले, यांत्रिक ओढीनं ते उघडायचे, आणि उघडल्यावरच साखळी तोडता येणार. ओढ म्हणजे किल्ली. हे वाचताना मला तरी दोरा ओढणारी आजीच आठवली. तिनं ‘नेचर केमिस्ट्री’ वाचलेलं नाही, हा भाग वेगळा.

आपल्याकडंही हे काम चाललंय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, जी १९५० पासून आहे, समीर चिक्कळी यांच्या गटानं साखरेपासून मिळणाऱ्या रेणूंचे पॉलिअॅसिटल केले. आम्ल लागलं की ते तुटतात. चिक्कळी आधी जर्मनीत कॉन्स्टान्झला ज्यांच्यासोबत होते, त्या स्टेफान मेकिंग यांच्या गटानं २०२१ मध्ये वनस्पती तेलांतल्या लांब रेणूंपासून पॉलिथिनसारखं प्लास्टिक केलं. त्यात थोड्या थोड्या अंतरावर सुटणारे सांधे ठेवले, अल्कोहोलमध्ये तापवून ते सोडवले, आणि मूळ रेणू ९६ टक्क्यांहून जास्त परत मिळवले. गोणीच्या अंगाला टोक असू शकतं, हे यातून सिद्ध झालं.

म्हणून पुढच्या हंगामात पेडगावात तशी गोणी उतरेल असं कोणी समजू नये. अॅक्रनचा उत्प्रेरक रुथेनियमचा, म्हणजे प्लॅटिनमच्या घराण्यातला महागडा धातू. काम चालतं ग्रॅममध्ये, काचेच्या भांड्यात, शुद्ध द्रावकात. आपली गोणी चिखलात लोळलेली, गोमूत्रात भिजलेली, अंगावर शाई आणि पोटात युरियाचा अंश. शिवाय ती इतकी स्वस्त आहे की तिची किंमत वेगळी सांगायचीही कोणाला गरज वाटत नाही. तिच्याशी स्पर्धा करणं सोपं नाही.

तरी दोष तिला देण्यात अर्थ नाही. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा बाजारातल्या पातळ पिशव्यांवर दंड लागला, भाजीवाल्या मावशी घाबरल्या, आणि ही गोणी कृषी सेवा केंद्रात बिनधास्त बसून राहिली. तिच्याकडं कोणाचं लक्षच नव्हतं. माझ्या मते ती गावातल्या प्लास्टिकातली सर्वांत कष्टाळू बाई आहे. पातळ पिशवी पंधरा मिनिटं काम करते, ही पाच-पाच वर्षं. तिच्याकडून मागितलं गेलं ते बळ, आणि तिनं ते दिलं. निवृत्तीची सोय कोणी तिच्या अंगात शिवून दिली नाही, हा तिचा गुन्हा नव्हे. बनवणाऱ्यांचा प्रश्नच अर्धा होता.

तोवर जे आपल्या हातात आहे ते एवढंच. कापूस हिच्यात भरू नका. वर्षभर उन्हात आडोशाला ठेवू नका; सावलीत ती कितीतरी जास्त टिकते. छपाई उडायला लागली, अंग खरखरीत झालं की समजा वेळ भरली. तेव्हाच तिची घडी करून भंगारात द्या, तिचं घमेलं तरी होईल. शेकोटीत टाकू नका आणि बांधावर तर मुळीच सोडू नका, कारण एकदा भुगा झाला की भंगारवाला तिला घेत नाही आणि माती तिला पचवत नाही.